अक्काची तिसरी मूठ

गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांनी त्यांचा फोन माझ्या तोंडासमोर धरला. म्हणाले, ऐका, आता हा अहिराणीसुद्धा बोलतो. फोनमधून एका बाईचा आवाज आला. कपाशीवर मावा पडला तर काय करायचं ते ती सांगत होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आहे'साठीचं आमचं 'शे' अगदी जागच्या जागी येत होतं. शेजारी माझ्याकडे कौतुकाने बघत होते, कारण जळगावच्या आमच्या कॉलनीत अहिराणीचा अभिमानी म्हणून मीच गाजलेला. मी तो फोन हाताने बाजूला सारला आणि म्हणालो, बंद करा हे. ते चिडले. चार दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

टाकू दे. त्या बोलण्यात कुणाचं काय काय गेलं आहे हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण ते नेऊन देणारा मीच.

मी तहसील कार्यालयात कारकून होतो. तीस वर्षं लोकांचे जबाब लिहिले. जबाबाच्या शेवटी एक ओळ असते, 'वरील मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे,' आणि तिच्याखाली अंगठा. ही ओळ मी किती वेळा लिहिली असेल याचा हिशोब नाही आणि मजकूर खरोखर वाचून दाखवला असेल तो क्वचित. समोर गर्दी असायची, साहेब आतून हाका मारायचे. म्हातारी माणसं स्वतःहून अंगठा पुढे करायची, मी शाई लावायचो. त्यात मला कधी काही चुकीचं वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणावर ओरडतो तेव्हा माझे हात स्वच्छ होते असं कुणी समजू नये.

निवृत्त झाल्यावर मला अहिराणीचं वेड लागलं. शब्द गोळा करायचे, वहीत लिहायचे, मुलं बोलत नाहीत म्हणून हळहळायचं. कुठूनतरी हे त्या कंपनीला कळलं. पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्या तिथल्या समन्वयक होत्या. इतकं गोड बोलणारं माणूस माझ्या आयुष्यात दुसरं आलं नाही. प्रत्येक वाक्यात सर. म्हणाल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेला सगळ्या भाषा येतात सर, आपली अहिराणी तेवढी येत नाही, कारण तिला बोललेली अहिराणी ऐकायलाच मिळत नाही. जुन्या पद्धतीचं, शुद्ध बोलणारी खेड्यातली माणसं हवी आहेत. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, माणूस कुणी ऐकत नाही सर, मशीन ऐकतं आणि शिकतं.

मला लगेच अक्का आठवली.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याजवळच्या एका खेड्यात तिला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणायचो, मग तिची सून म्हणायला लागली, मग सगळं गावच. तिच्यासारखी अहिराणी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नाही. घरात ती, तिचे यजमान ज्यांना आम्ही आबा म्हणतो, मुलगा, सून आणि दोन नाती. अक्का आणि सून या दोघींचं असं जमायचं की लोकांना त्याचा संशय यायचा. एकीने भाकरी थापायला घेतली की दुसरी न सांगता चुलीपुढे बसलेली. अठरा वर्षांत त्यांचं मोठ्याने भांडण झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेलो. फोनवर ते ॲप टाकलेलं होतं. पहिल्यांदा एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला आणि त्याच्या तळाशी 'मान्य आहे' असं मराठीत. तेवढं मात्र मराठीत होतं. अक्काने विचारलं, यात काय लिहिलंय. मी म्हणालो, नेहमीचंच असतं गं. आणि तिचं बोट धरून मी ते बटण दाबलं. शाई तेवढी नव्हती.

रेकॉर्डिंगला शांतता हवी होती. पंखा बंद, कोंबड्या लांब, दुसरं माणूस जवळ नको. म्हणून तिला धान्याच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. फोनवर एकेक विषय यायचा, मोठ्या अक्षरात, आणि त्यावर सात-आठ मिनिटं बोलायचं. स्वयंपाकाबद्दल बोला. शेतीबद्दल बोला. तुमच्या घरच्या सणाबद्दल बोला. तिला अक्षरं लागतात, पण हळू. दार लावताना ती म्हणाली, "भाऊ, कोनी ऐकाव नही ना?" मी म्हणालो, नाही गं, मशीन ऐकेल फक्त.

मी ओसरीवर आबांबरोबर चहा घेत बसलो. पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे लाल होते. मला वाटलं, धुळीने. सगळ्या विषयांपुढे हिरवी खूण आली होती. काय बोलली ते मी ऐकून बघितलंसुद्धा नाही. तिथूनच पाठवून दिलं आणि संध्याकाळच्या एसटीने जळगावला आलो. पुढच्या महिन्यात तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं, तेही इंग्रजीत. मी ते चौकटीत घालून माझ्याच भिंतीवर लावलं. मूर्ख माणूस.

आता त्या खोलीत काय झालं ते सांगतो. मला ते फार पुढे, सुनेच्या तोंडून कळलं.

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरात मोजून काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. मुलींच्या नावाने नाही, आणि ते का, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. त्या गव्हाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्या माणसाला तुकडाही द्यायचा नाही. मी अक्काचा सख्खा भाऊ, पण त्या घरचा नव्हे, त्यामुळे मलाही नाही. घरातलं घरातच राहावं एवढं तरी आमच्या बायकांना पक्कं समजत होतं, कुठल्याही कंपनीच्या आधी.

अक्काच्या घरात पुरुष दोन. आबा आणि मुलगा. पण अक्का दरवर्षी तीन वेळा मूठ भरायची. सून सुरुवातीला एकदा म्हणाली होती की तिसरी कुणाची, तेव्हा अक्का म्हणाली, देवीची. सुनेला ते पटलं. देवीचं असं म्हटल्यावर आपण कुठे पुढे विचारतो.

फोनवर विषय आला, तुमच्या घरच्या सणाबद्दल बोला. समोर गव्हाची कोठी. दार लावलेलं. भावाने शब्द दिलेला की माणूस ऐकणार नाही. अक्का कानबाईबद्दल बोलायला लागली, गहू मोजण्यापर्यंत आली, आणि तिसऱ्या मुठीपाशी येऊन थांबली नाही. सोळा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगून टाकलं.

सोळा वर्षांपूर्वी सुनेला पाचवा महिना होता. पहिलंच. अक्का तिला धुळ्याला दाखवायला घेऊन गेली. सून आत कपडे नीट करत होती तेवढ्यात डॉक्टरने अक्काला बाहेर सांगितलं की हिला बाळंत होईपर्यंत झोपून ठेवा, उठू देऊ नका. वेचणीचे दिवस होते. कापूस बोंडातून लोंबत होता, मजूर मिळत नव्हते. अक्का स्वतः बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेतात असायची. तिला वाटलं, डॉक्टर काय, सगळ्यांनाच असं सांगतात. सुनेला ती म्हणाली, सगळं चांगलं आहे, हिंडती-फिरती राहा म्हणाले. आठ-नऊ दिवसांनी शेतातच सुनेच्या पोटात दुखायला लागलं. गेलं ते. मुलगा होता.

सून समजत राहिली की तिच्या हातून झालं. त्या दिवशी सकाळी ती हौदापाशी घसरली होती. तिने ते नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, सासूच्या गळ्यात पडून सांगितलं. अक्काने तिला थोपटलं आणि गप्प राहिली. त्या वर्षापासून तिसरी मूठ सुरू झाली.

मशीन ऐकतं म्हणे. मशीनला ऐकायला आधी कुणीतरी ते लिहून द्यावं लागतं, हे त्या गोड बाईंनी मला सांगितलं नव्हतं. हिंदीचं लिहायचं तर देशभरात कोट्यवधी माणसं पडली आहेत. तिथे कुणाचं कुणाला समजतंय? अहिराणी लिहायची तर ती कोण लिहिणार? धुळ्याची नाहीतर अमळनेरची, पारोळ्याचीच बाई. कंपनीने तशाच बाया धरल्या होत्या, घरी बसून कानाला लावून ऐकायचं आणि लिहायचं. एकीने लिहायचं, दुसरीने तपासायचं. गावाचं नाव आलं, माणसाचं नाव आलं की ते काढून टाकायचं. काढलंही त्यांनी, इमानेइतबारे. पण आमच्याकडे हौद, वेचणी, पाचवा महिना आणि कानबाईची जास्तीची मूठ एवढं सांगितल्यावर नाव लागतं कुणाला?

लिहिणारी निघाली सुनेची मावसबहीण. धुळ्यात राहते. तिच्यावर मला राग धरता येत नाही, प्रयत्न करून पाहिला. तिने कुणाला सांगायचं नाही असं तिच्याकडूनही कसलंतरी बटण दाबून घेतलेलं होतं. ती म्हणे दोन दिवस जेवली नाही. आपली बहीण सोळा वर्षं स्वतःला खात आली आहे आणि खरं आपल्या कानात आहे, तर बटण मोठं की बहीण? मे महिन्यात तिने सुनेला फोन केला. तपासणारी दुसरी कोण होती ते अजून कळलेलं नाही, पण जूनमध्ये ते गावात दोन-तीन घरी बोललं जात होतं.

सुनेने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं. तिने अक्काशी बोलणं थांबवलं. भाकरी व्हायच्या, ताट पुढे यायचं, औषधाची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेली असायची. शब्द नाही. आणि अक्काने सगळ्यांशीच बोलणं थांबवलं. घरात कुणाचा फोन दिसला की ती तो उचलून गोधडीखाली सरकवायची आणि मगच नातीला खुणेने काय हवं ते सांगायची. नाती हसायच्या, मग हसेनाशा झाल्या. आबांनी मला फोन करून बोलावलं. मी गेलो तर अक्काने माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशाकडे बघितलं आणि उठून आत गेली. माझी बहीण. ज्या बोलण्याच्या मी वह्या भरल्या ते बोलणंच त्या घरातून उठून गेलं होतं, आणि त्याची सुरुवात माझ्या हाताने झाली होती. मी परत येताना एसटीत बसून स्वतःला शिव्या दिल्या. अहिराणीतच दिल्या.

मग मी पुण्याच्या त्या बाईंना फोन लावला. एकदा, दोनदा, दहादा. त्या रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. आवाज चढवत होतो मी. मी म्हणालो, माझ्या बहिणीचं बोलणं काढून टाका. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडे सगळं अनामिक असतं. फाइलला नावच नसतं, त्यामुळे त्यांची कोणती ते आम्हाला सांगता येत नाही."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. गावात भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला दोन वाक्यांत कळतं की ही अक्का, आणि ज्यांच्याकडे तिचं पाऊण तासाचं बोलणं साठवलेलं आहे त्यांना ती सापडत नाही. नाव काढून टाकलं म्हणजे माणसाची काळजी घेतली असं यांना शिकवलेलं असतं. सरकारी कचेरीत फाइल हरवली तर निदान आम्हाला लाज वाटायची. यांच्याकडे हरवणं हेच नियमात बसतं. मी ओरडलो, आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाई शांतपणे म्हणाल्या की एक मार्ग आहे. बहिणीच्या आवाजाचा दोन मिनिटांचा नमुना पाठवा, सिस्टिम जुळवून बघेल. मात्र मशीन जे शिकून बसलं आहे त्यातून एक माणूस वेगळा काढता येत नाही, तेवढं समजून घ्या सर.

म्हणजे तिला पुसायचं तर तिनेच पुन्हा फोनसमोर बोलायचं. मी फोन आपटणार होतो. पण आपटला नाही, कारण तो मार्ग सोडून माझ्याकडे दुसरा नव्हता. वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, ते 'मान्य आहे' कुणी दाबलं?

श्रावणात, कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमाराला मी तिच्या दारात उभा होतो. खिशात तो फोन. अक्काला समजावायचं, दोन मिनिटं बोलायला लावायचं आणि हे मिटवायचं, असं ठरवून गेलो होतो. मिटवायचं म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं.

मधल्या खोलीत दोघी गहू काढायला बसल्या होत्या. सुपात निवडलेले गहू, शेजारी पितळी परात. नाती शाळेत, मुलगा शेतात, आबा माझ्या मागे ओसरीवर. दरवर्षी मूठ अक्का भरायची. त्या दिवशी ती नुसती बसली होती, हात मांडीवर, आणि मूठ भरत होती सून. मी दाराशीच थांबलो. सुनेने आबांच्या नावाची सव्वा मूठ परातीत टाकली. नवऱ्याच्या नावाची टाकली. मग तिसरी भरली आणि हात परातीवर तसाच धरला. गव्हाचे दोन-चार दाणे बोटांतून खाली पडले.

"हाई मूठ कोना नावनी शे, अक्का?"

अक्का सुपाच्या कडेचे दाणे बोटाने आत सारत राहिली.

सून म्हणाली, "मशीनले सांगं ना तुम्ही. मंग आते माले सांगा. तुमना तोंडघाई ऐकनं शे माले."

तिच्या आवाजात गोडवा नव्हता. माफी देणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. तिला हिशेब हवा होता, अक्काच्या तोंडून, समोरासमोर. सोळा वर्षं तिने तो स्वतःच्या नावावर लावला होता आणि खरं तिला कळलं ते दुसरीच्या कानातून, भाड्याने लिहिणाऱ्या बाईकडून. मला वाटतं, मूल गेल्यापेक्षाही तिला हेच जास्त लागलं होतं. तिने तसं म्हटलेलं नाही. हे माझं.

अक्काचं तोंड उघडलं. मी बघितलं, ओठ हलले. मग तिची नजर सुनेच्या खांद्यावरून माझ्यावर आली, माझ्या सदऱ्याच्या खिशावर थांबली, आणि तोंड मिटलं.

आयुष्यात मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. मी त्या घरचा नव्हतो. त्या घरच्या रोटाचा तुकडा मला चालत नव्हता, आणि मी त्यांच्या घरातलं सगळं उचलून रस्त्यावर ठेवून आलो होतो. आता पुन्हा खिसा घेऊन उभा होतो.

मी वळलो, ओसरी उतरलो आणि गल्लीत जाऊन उभा राहिलो. आबाही उठले, आणि आमच्या मागे त्यांनी दार ओढून घेतलं. आम्ही दोघं समोरच्या निंबाखाली उभे होतो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. पुण्याच्या बाई. म्हणाल्या, सर, नमुन्याचं काय झालं, आज मिळाला तर आम्ही लगेच शोधायला घेऊ.

मी म्हणालो, मिळणार नाही.

त्या म्हणाल्या, मग सर, ती फाइल तशीच राहील.

मी म्हणालो, राहू द्या. आणि फोन बंद केला, बटण पूर्ण दाबून.

दार सव्वा तासाने उघडलं. आत काय बोलणं झालं, कोण रडलं, कोण ओरडलं, ते मला माहीत नाही. आबांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. सुनेने आम्हाला चहा दिला. तिचे डोळे सुजले होते आणि ती अक्काकडे बघत नव्हती. अक्का खिडकीशी बसली होती. परातीत गहू होते, वर पांढरं फडकं झाकलेलं. किती मुठी होत्या ते मी मोजलं नाही.